पुरुषांच्या बाजूचं छप्पर

ब्रँडीवाइनकाठ, पेन्सिल्व्हेनिया
तिसऱ्या महिन्याचा सातवा दिवस, १७७९

एमॉस,

फाडायचं असेल तर वाचून झाल्यावर फाड. लष्कराला पीठ पोचवणारा जर्मन गाडीवान हे पत्र घेऊन येतोय. मी त्याला विचारलं, "माझ्या भावाला ओळखशील का?" तर म्हणाला, "तुमच्या क्वेकर लोकांतला तो उंच माणूस ना? अधिकारी दिसला की टोपीपर्यंत हात नेतो आणि मग कान खाजवतो?" मी हो म्हटलं. गाडी वळणाआड जाईपर्यंत एकटीच हसत उभी होते.

आत्या थॉमझिनला हे पत्र पसंत नाही. "बंदूक उचलली म्हणून सभेने ज्याला वेगळं केलं, त्याला पत्रं लिहायची आणि आठवड्याच्या पहिल्या दिवशी समोरच्या बाकावर बसून लोकांना उपदेश करायचा, हे शोभतं का तुला?" मी म्हटलं, सभेने त्याला सभेतून वेगळं केलंय, माझ्या आईच्या पोटातून नाही. तर म्हणाली, "तुझ्या आईने तुझं नाव टेसी ठेवलं. लॅटिनमध्ये 'गप्प राहा'. बिचारीला केवढी आशा होती." सकाळी पत्राशेजारी लोकरीच्या मोज्यांचा एक जोड ठेवलेला सापडला. कुणी ठेवला ते आत्या सांगत नाही. तो सोबत पाठवतेय.

लढाईनंतर आपल्या सभाघरात जखमींना आणून ठेवलं होतं, तेव्हापासून पुरुषांच्या बाजूचा तिसरा बाक डागाळलाय. राखेने घासला, वाळूने घासला. शेवटी सुताराने फळी उलटी करून ठोकली. आता वरून बाक स्वच्छ दिसतो. मला मात्र खालची बाजूच दिसते. त्या बाकावर तू मेरीलँडच्या त्या विणकराचं डोकं मांडीवर घेऊन बसला होतास. बाहेर आम्ही सगळे अक्रोडाच्या झाडाखाली आपल्या रीतीप्रमाणे गप्प बसून सभा चालवत होतो, आणि आतून त्याचं कण्हणं येत होतं. मग ते यायचं थांबलं.

पुढच्या आठवड्याच्या पहिल्या दिवशी मी गुडघे टेकले. दोन्ही सेनापतींना पश्चात्ताप दे, असं मागितलं. आमच्या घरातला जो हात बंदुकीकडे वळतोय, तो आवर, असंही मागितलं. सगळी सभा उठून उभी राहिली, टोप्या उतरल्या, आणि तू बसून राहिलास. डोक्यावर टोपी तशीच.

आपण माणसापुढे टोपी काढत नाही, एमॉस. आपल्या पणजोबाने लँकेशरच्या न्यायाधीशापुढे काढली नाही आणि त्यापायी तुरुंगाच्या दगडी जमिनीवर हिवाळे काढले. आपण फक्त प्रार्थनेला टोपी काढतो. प्रार्थना चालू असताना जो काढत नाही, तो सगळ्यांसमोर सांगतो की ही बाई जे बोलतेय ते देवाकडून आलेलं नाही. एक शब्दही न बोलता तू मला खोटी ठरवलंस, आणि तसाच उठून बाहेर गेलास. दारात आत्याला म्हणालास, "तिने सेनापतींसाठी प्रार्थना केली. बाकावर मेला त्याच्यासाठी नाही."

आत्याने ते मला चार महिन्यांनी सांगितलं.

मी ती प्रार्थना मागे घेत नाही. कोणत्याही बाजूने चालवलेली बंदूक ही बंदूकच असते. पण तुझी जागा रिकामी आहे. तिथे कुणी बसू लागलं की माझा उपदेश मध्येच तुटतो, आणि लोकांना वाटतं की मला अंतःप्रेरणा झाली.

टेसी

---

चेस्टर गाव, तुरुंगातून बाहेर
दहाव्या महिन्याचा एकोणिसावा दिवस, १७७९

एमॉस,

आज मला सोडलं, आणि मी तुझ्यावर रागावलेय.

कशासाठी धरलं होतं, ते तुझ्या छावणीत पोचलं असेलच. बाजाराच्या दिवशी मी सफरचंदांच्या गाडीवर उभी राहून बोलले. नव्या सरकारने सगळ्यांना निष्ठेची शपथ घ्यायला लावलीय. आपण कुठलीच शपथ घेत नाही, आणि जो घेणार नाही, त्याची शाळा बंद, त्याला कोर्टात दाद नाही. मी एवढंच विचारलं की राजाने आमच्या मानेवर ठेवलेला हात तुम्ही उचललात तो कशाला? स्वतःचा ठेवायला? बापाच्या फडताळातला सगळा इतिहास मी वाचलाय. रोमपासून लंडनपर्यंत प्रत्येक नव्या सत्तेने पहिली भीती सद्सद्विवेकाचीच धरली. "जे सरकार शपथेशिवाय उभं राहू शकत नाही," मी म्हटलं, "ते शपथेनेही उभं राहणार नाही." काहींनी टाळ्या वाजवल्या, काहींनी सफरचंदं फेकली. त्यांतली दोन चांगली होती, ती मी पिशवीत टाकली.

न्यायाधीश म्हणाला, "बाई, तू कोर्टाला 'तू' म्हणतेस?"

"मी देवालाही 'तू'च म्हणते," मी म्हटलं. "तुला त्याच्या वर बसायचं असेल तर सांग, म्हणजे काहीतरी दुसरं शोधू."

लोक हसले. न्यायाधीशही हसला असता, पण त्याचा केसांचा टोप सरकला. मग मला आत टाकलं. तुरुंगात मला कसलाच त्रास नव्हता. आपल्या घराण्याला तुरुंगाची सवय आहे. मी भिंतीला टेकून बसायचे, पणजोबाची आठवण काढायचे, आणि मला तिथे मोकळं वाटायचं.

आणि आज दार उघडलं. दंड नाही, शपथ नाही, काही नाही. मी तुरुंगाधिकाऱ्याच्या बायकोला विचारलं, हे कसं झालं. ती पीठ मळत होती. म्हणाली, "काल एक शिपाई आला होता. अंगणात उभा राहिला. पाऊस लागला तरी हलेना. न्यायाधीश जेवायला घरी निघाला, तेव्हा हा त्याच्यापुढे गेला."

"काय म्हणाला?"

"काही नाही म्हणाला. टोपी हातात धरून उभा होता सकाळपासून. केस नुसते निथळत होते. मी म्हटलं, डोकं झाक रे बाबा, ताप येईल. तर म्हणाला, मला सवय नाही, एकदा घातली तर परत काढवणार नाही."

मी तिला त्या शिपायाचं नाव विचारलं नाही.

तू कशाला आलास? मी तुला बोलावलं नव्हतं. मी माझ्या जोरावर त्या भिंतीआड बसले होते, तू मला उपकारावर बाहेर काढलंस. पणजोबाने जे टोपीचं टोक हलवलं नाही, ते तू माझ्यासाठी एका सुखवस्तू, भुकेल्या माणसापुढे हलवलंस. मी परतीच्या वाटेवर हे सगळं मोठ्याने बोलत आले. रस्त्यात एक शेतकरी थांबून ऐकायला लागला. त्याला वाटलं, मी उपदेश करतेय.

माणसापुढे काढलीस, एमॉस. देवापुढे मी गुडघे टेकले होते, तेव्हा नाही काढलीस.

एवढ्या जवळ येऊन तू मला न भेटता गेलास. हे मी पत्राच्या सुरुवातीला लिहायला हवं होतं. बाकीचं सगळं मग लिहायची गरज पडली नसती.

ताप आला का?

टेसी

---

ब्रँडीवाइनकाठ
चौथ्या महिन्याचा विसावा दिवस, १७८३

एमॉस,

तह झाला. गावात घंटा वाजवतायत. कुणीतरी आपल्या कुंपणाच्या फळ्या काढून होळी केली. आत्या खिडकीतून ओरडली, "स्वातंत्र्य मिळालं ते तुम्हाला, माझ्या फळ्यांना नाही."

शिपाई घरी परततायत. मी रोज संध्याकाळी सांडलेलं दूध पुसते, कारण खुरांचा आवाज आला की माझा हात हलतो. आज जो आला तो कातडी कमावणाऱ्यांचा मुलगा होता. त्याच्याकडून कळलं की तुझ्या तुकडीला सुट्टी मिळाली आणि तू उलट्या दिशेला गेलास. डोंगरांपलीकडे, रेडस्टोनला. तिथे नवी जमीन मिळते, म्हणाला. तिथे आपल्यातलीही काही घरं जाऊन वसलीत. मला हसू आलं. सभेपासून दूर पळालास आणि पोचलास सभेच्याच लोकांत.

त्याने आणखी एक सांगितलं. यॉर्कटाउनच्या खंदकात रात्री सगळे गाणी म्हणत, आणि तू गप्प बसून राहायचास. कुणी विचारलं तर म्हणायचास, "माझी सभा चालू आहे." मी हे ऐकून गोठ्यात गेले आणि गाईच्या पाठीवर कपाळ टेकवून उभी राहिले.

तुला मी काय सांगू, एमॉस? गेल्या सहा वर्षांत मी किती ठिकाणी बोलले. न्यू जर्सीत बोलले, डेलावेअरला बोलले. गुलाम ठेवणाऱ्या, आपल्याच पंथातल्या श्रीमंत मित्रांच्या जेवणघरात उभी राहून त्यांच्या चांदीच्या चमच्यांनाच विचारलं, की तुम्हाला कुणाच्या पाठीने चकाकी आणली. बायका रडल्या. दोन घरांनी माणसं मोकळी केली, एका घराने मला मोकळं केलं, अंगणातून बाहेर. लोक म्हणतात, टेसीच्या शब्दांत आग असते. असेल. पण आग सगळ्यांना ऊब देते आणि पेटलेल्या लाकडाला देत नाही. प्रत्येक वेळी प्रार्थना संपवून डोळे उघडले, की मी आधी पुरुषांच्या बाजूचा तिसरा बाक पाहते. त्या गावातही, जिथे तू कधी पाऊल टाकलेलं नाहीस.

एक मागते. त्या विणकराचं नाव मला कळव. तू त्याच्याजवळ रात्रंदिवस बसलास, तुला ठाऊक असणार. बाकी काही लिहू नकोस हवं तर.

टेसी

---

ब्रँडीवाइनकाठ
सहाव्या महिन्याचा तिसरा दिवस, १७८४

एमॉस,

खेचरवाल्याने पुडकं आणून दिलं. मेपलच्या साखरेची वडी, फडक्यात बांधलेली. फडक्याच्या आत कागदाचा कपटा, आणि त्यावर तुझ्या हातचं एकच नाव. बार्नाबस टर्क.

मला वाटलं होतं, अक्षर बदललं असेल. 'ब'चं पोट अजून तसंच सुटलेलं आहे, शाळेत मी त्यासाठी तुझ्या बोटांवर पट्टी मारायचे तेव्हासारखं.

आत्याने वडी चाटून पाहिली. म्हणाली, "वेस्ट इंडीजची नाही, म्हणजे कुणा गुलामाच्या घामाची नाही. चव थोडी धुराची आहे. पोराने कढईखाली ओलं लाकूड घातलं असणार, पहिल्यापासून आळशी." आणि अर्धी वडी आपल्या पेटीत ठेवून कुलूप लावलं.

आता सभेचं ऐक. ज्यांनी बंदुका उचलल्या त्यांना परत घ्यायचं ठरतंय. रीत जुनीच आहे. कागदावर लिहून द्यायचं की मी हे केलं, ती चूक होती, मला तिचा खेद आहे. तो कागद सभेत वाचतात, मग पुन्हा आपला. जोसाया प्रॅट, आपल्या सभेचा ज्येष्ठ, माझ्याकडे आला. त्याचं मन चांगलं आहे, फक्त ते नेहमी घाईत असतं. म्हणाला, "टेसी, तुझ्या हाताला भाषा आहे. मजकूर तूच लिही, एमॉसने नुसती सही करायची."

मी म्हटलं, "माझ्या शब्दांनी त्याला खेद होणार असता, जोसाया, तर तो केव्हाच झाला असता."

"मग त्याने परत यावं असं तुला वाटत नाही?"

मी उठून चूल सारवायला घेतली. स्वच्छ होती.

उसन्या खेदाने तू आपल्या बाकावर बसलास, तर मला तो बाक पाहवणार नाही. तुला खेद नसेल तर नसू दे. मला तुझं म्हणणं चुकीचं वाटतं आणि तू सच्चा वाटतोस. ह्या दोन गोष्टी एकाच माणसात कशा मावतात, हे इतकी पुस्तकं वाचूनही मला कळलेलं नाही.

मग मी दुसरं केलं. मासिक सभेत उभी राहिले आणि म्हटलं, डोंगरांपलीकडच्या आपल्या पंथातल्या मित्रांना भेटायला जावं अशी ओढ मला लागलीय, मला प्रवासाची संमती द्या.   मग जोसायाने विचारलं, "ही ओढ देवाची आहे की भावाची?"

एमॉस, मला आजवर कधी उत्तर शोधावं लागलेलं नाही. न्यायाधीशापुढे नाही, बाजारात नाही. त्या दिवशी मी उभीच राहिले. इतकी शांतता होती की बाहेर कुणीतरी घोड्याच्या नालाचा खिळा ठोकत होतं त्याचे घाव मोजता आले असते. शेवटी म्हटलं, "मला माहीत नाही. मी दोन्ही वेगळ्या करून पाहिल्या, आणि त्या सुटल्या नाहीत."

 आत्या थॉमझिन, जी वर्षभर सभेत ओठ उघडत नाही, ती बायकांच्या बाकांवरून बोलली. "देवाने तिला त्याच दिशेला पाठवलं असेल, तर केवळ भाऊ तिकडे राहतो म्हणून तिने उलटं चालायचं का?"

संमती मिळाली. घरी येताना मी आत्याचा हात धरला. म्हणाली, "सोड. मला साखर संपवायची घाई झालीय, म्हणून तुला पाठवतेय."

टेसी

---

अ‍ॅलिगेनी डोंगरांच्या पायथ्याशी
अकराव्या महिन्याचा दुसरा दिवस, १७८४

एमॉस,

हे पत्र माझ्यापुढे जाणाऱ्या मीठवाल्याबरोबर देतेय, म्हणजे मी येईन तेव्हा तुला पळायला वेळ मिळेल.

बरोबर लेटिस मून आहे. आपल्यात बाईला एकटीने धर्मप्रवासाला पाठवत नाहीत, ते बरंच आहे. लेटिस साठीची आहे, घोड्याला घाबरते आणि घोड्यालाच ते समजावून सांगते. "हे बघ, मला तुझी भीती वाटते, तुला माझी वाटत असेल, तर दोघं सावकाश जाऊ." काल उतारावर पडली. मी धावले तर पडल्या पडल्या म्हणाली, "ठीक आहे, देवाने मला जरा बसायला सांगितलं."

इथे खाणावळवाल्याने सांगितलं, रेडस्टोनच्या क्वेकर मित्रांनी नवं सभाघर बांधायला घेतलंय, ओंडक्यांचं. "अर्धंच झालंय," तो म्हणाला. "बांधणाऱ्यांत एक माणूस त्यांच्यातला नाही. लष्करात होता. ओंडके तोच तासतो, छप्परही तोच घालतोय, आणि सभा भरली की बाहेर घोड्यांपाशी बसतो." मी त्याच्याकडून दूध मागून घेतलं, आणि ते न पिता तसंच धरून राहिले.

तू ज्या घराच्या आत येत नाहीस ते घर बांधतोयस.

मी ह्या महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यातल्या पहिल्या दिवशी तिथे असेन. तुला यायचं नसेल तर येऊ नकोस. आलास तर घोड्यांपाशी बस, दारात बस, नाहीतर आत बस. तिसऱ्या बाकावर बस किंवा कुठल्याही. टोपी डोक्यावर ठेवायची असेल तर ठेव. मी नाव घेऊन किंवा नाव न घेता तुझ्यासाठी प्रार्थना करणार नाही, हा माझा शब्द. पण मी जे मानते ते मऊ करूनही बोलणार नाही, तोही माझाच शब्द.

तुझा चेहरा पाहायचाय. एवढं मोठं पत्र लिहिलं, त्यातलं हे एकच वाक्य खरं आहे. बाकी वाक्यं त्याला झाकायला आहेत.

टेसी

---

परतीच्या वाटेवर, त्याच खाणावळीतून
बाराव्या महिन्याचा चौथा दिवस, १७८४

एमॉस,

लेटिसचा घोडा लंगडतोय, म्हणून दोन दिवस इथे थांबलोय. तुझ्याशी मी जे बोलायला आले होते ते न बोलता परत निघाले, हे तुझ्या लक्षात आलं असेल. तुझ्या घरी मी मक्याची लापशी खाल्ली, तुझ्या वासराला हात लावला, तुझ्या कढईखालचं लाकूड पाहिलं. ओलंच होतं. आत्याला सांगते.

जे घडलं ते तुला माहीत आहे, तूही तिथे होतास. पण मी जिथे गुडघे टेकले होते तिथून काय झालं, ते तुला माहीत नाही.

सकाळी मी सभाघरात शिरले तेव्हा बर्फ पडायला लागलं होतं. बायकांच्या बाजूला छप्पर पूर्ण झालेलं. पुरुषांच्या बाजूला नुसते वासे, आणि वर आभाळ. लेटिस म्हणाली, "बांधणाऱ्याने आधी बायकांची डोकी झाकली. शिकलेला माणूस दिसतो."  शिकवलं कुणी, ते मला माहीत होतं.

पुरुष येऊन बसले, टोप्यांवर बर्फ साठत होतं. कुणी कुरकूर केली नाही. तुला मी घोड्यांपाशी पाहिलं होतं. ओळखायला वेळ लागला. दाढीत पांढरं आलंय. मी समोरच्या बाकावर बसून डोळे मिटले. जरा वेळाने दारातल्या फळीचा आवाज आला, जड पावलाचा, आणि तिसऱ्या बाकाचा. बापाच्या पावलांसारखा वजनदार आवाज. मी डोळे उघडले नाहीत. उघडले असते तर त्या दिवशी मला एक शब्द सुचला नसता.

मग मी बाहेरची टोपी काढून ठेवली आणि गुडघे टेकले. सगळे उठल्याचा आवाज आला. त्यात तू उठलास की नाही, ते मला वेगळं ऐकू आलं नाही. मी ऐकायचा प्रयत्न केला. प्रार्थनेत असताना माणसाने असं करू नये.

रक्ताला मी रक्तच म्हटलं. जिंकलेल्यांचं आणि हरलेल्यांचं, दोन्ही. नव्या राज्यातल्या मोठ्या माणसांना म्हटलं, की ज्या सद्सद्विवेकाच्या नावाने तुम्ही राजा हाकलला, त्याला आता तुमच्या दारात उभं करू नका. काळ्या माणसांच्या पायांतल्या बेड्यांचं बोलले. हे सगळं मी आधीही बोललेय, ते माझ्या तोंडी बसलंय. आणि मग जे कधी बोलले नव्हते तिथे आले. मेरीलँडचा विणकर बार्नाबस टर्क, म्हटलं. त्याच्या हाताला धाग्याची सवय होती आणि त्याला लोखंड दिलं गेलं. तो आमच्या बाकावर मेला आणि आम्ही बाहेर झाडाखाली शांतता पाळत होतो. त्याला तू तुझ्याजवळ घे. त्याचं डोकं ज्याने मांडीवर घेतलं होतं त्याच्याबद्दल मला काही मागायचं नाही, कारण मी तसा शब्द दिलाय.

हे शेवटचं वाक्य बोलायचं नव्हतं. माझ्या शब्दाला जरा तडा गेला, तो मोजून घे.

प्रार्थना लांबली. माझी लांबतेच. आत्या म्हणते, टेसीच्या प्रार्थनेत उभं राहून पुरुषांचे गुडघे वयाआधी म्हातारे होतात. संपवून उठले, डोळे उघडले. सगळे बसले होते, सगळ्यांच्या टोप्या डोक्यावर. तिसऱ्या बाकावर तूही, टोपी भुवयांपर्यंत ओढलेली, समोरच्या ओंडक्याकडे बघत, दगडासारखा. सात वर्षांपूर्वी होतास तसाच.

मी बाकावर बसले. स्वतःला म्हटलं, ठीक आहे. मी चेहरा पाहायला आले होते, तो पाहिला. ह्याहून जास्त मागणं म्हणजे त्याला वाकवणं, आणि वाकवणाऱ्यांविरुद्ध तर मी आयुष्यभर बोलले. मी हे स्वतःला अगदी नीट समजावून सांगितलं, एमॉस. मी भाषणं चांगली करते. त्या भाषणाचा माझ्यावर काहीही परिणाम झाला नाही.

ज्येष्ठांनी हात मिळवले, सभा उठली. मी टोपी आतच विसरून बर्फात बाहेर आले. तू घोड्याचा पट्टा आवळत होतास. मी जवळ येऊन उभी राहिले. तू वर पाहिलंस.

तुझ्या टोपीखालून पाणी येत होतं. कपाळावरून भुवईत, भुवईतून नाकाच्या बाजूने दाढीत. तुला ते पुसायचं सुचलं नव्हतं. मी आजूबाजूला पाहिलं. पुरुषांच्या बाजूने बाहेर पडलेल्या प्रत्येकाचं कपाळ तसंच ओलं होतं. ज्यांनी ज्यांनी त्या उघड्या आभाळाखाली टोपी काढून हातात धरली, त्यांच्या केसांत बर्फ साठलं, आणि टोपी परत घातल्यावर ते वितळलं. टोपी काढली नसती, तर बर्फ टोपीवर राहिलं असतं. डोकं कोरडं राहिलं असतं.

तू माझी नजर पाहिलीस. बाहीने कपाळ पुसलंस आणि म्हणालास, "छप्पर गळतंय."

सात वर्षांत तू माझ्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य.

आणि मी, जिने न्यायाधीशाला उत्तर दिलं, चांदीच्या चमच्यांना दिलं, जिला आईने गप्प राहायला सांगितलं आणि जी कधी राहिली नाही, त्या मी काय म्हणायचं होतं? माझ्याकडे पूर्ण भाषण तयार होतं. त्यात पणजोबा होता, चेस्टरचं अंगण होतं, पाऊस होता. मी फक्त वर वाशांकडे पाहिलं, जिथे छप्पर नव्हतंच, आणि म्हटलं, "हो. दुरुस्त करायला हवं."

"फळ्या फोडून ठेवल्यात," तू म्हणालास. "वसंतापर्यंत घालेन."

"घाल."

"तुझे केस भिजलेत," तू म्हणालास.

"तुझेही," मी म्हटलं. एवढंच. पुढे आपण दोघं वासराबद्दल बोललो.

मी अजून तेच मानते, आणि तूही तेच मानत असणार. तुझी बंदूक तुझ्या दाराच्या वर टांगलेली मी पाहिली. तू ती उतरवली नाहीस, मी ती उतरव म्हटलं नाही. सभेला लिहून द्यायचा तो कागद माझ्या पिशवीत होता, जोसायाने बळंच कोंबलेला, कोरा. तो मी इथे खाणावळीत शेगडी पेटवायला दिला. जोसायाला सांगेन, बर्फात भिजला.

लेटिस दारातून हाक मारतेय, घोड्याने तिला माफ केलंय म्हणे. निघते.

फळ्या घालशील तेव्हा पहिल्या बाकावरून सुरुवात कर, मग दुसरा, मग दारापासचे सगळे. म्हाताऱ्या लोकांना थंडी बाधते. पण तिसऱ्या बाकावरचं छप्पर एवढ्यात घालू नकोस. पुढच्या हिवाळ्यात मी येतेय.

टेसी